उंदीर सुधारला, मग माझा मुलगा का नाही?

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. स्पीच थेरपी आणि ओटीसाठी (ऑक्युपेशनल थेरपी) आठवड्यातून दोनदा शहरात जावं लागतं, त्यात मिस्टरांच्या पगाराचा मोठा हिस्सा जातो. मध्यंतरी माझ्या दिरांनी एक व्हिडिओ पाठवला, की अमेरिकेत स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी औषध देऊन उंदरांमधला ऑटिझम घालवला. ते औषध इथे मिळत नाही. पण पालकांच्या ग्रुपवर एका ताईंनी सांगितलं की ब्युमेटॅनाइड नावाची लघवीची जुनी गोळीसुद्धा उंदरांवर अशीच लागू पडली आहे, आणि ती स्वस्त आहे. ओळखीच्या मेडिकलमधून एक पट्टी आणून ठेवली आहे, अजून दिलेली नाही. आमचे बालरोगतज्ज्ञ ऐकूनच रागावले, पण का ते सांगितलं नाही. मिस्टर म्हणतात, औषध येणारच असेल तर थेरपीवर पैसे कशाला घालवायचे, थोडं थांबू. काय करू?
– एक आई

ताई,

आधी त्या पट्टीचं बोलू. ती मुलाला देऊ नका. अर्धी नको, पाव नको, 'बघू तरी काय होतंय' म्हणूनही नको. ब्युमेटॅनाइड ही हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या अंगावरची सूज उतरवायची गोळी आहे. लघवीवाटे ती पाणी काढते आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही. पोटॅशियम फार उतरलं की स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गळून गेल्यासारखं होतंय, पायात गोळे येतायत, तहान लागलीय, हे ज्या मुलाला सांगता येत नाही त्याच्यात हा त्रास घरच्या घरी ओळखणं कठीण. परदेशात ज्या मुलांना चाचणीत ही गोळी दिली, त्यांचं रक्त वारंवार तपासलं जात होतं. तुमचे डॉक्टर रागावले ते यासाठीच असणार. कारणही त्यांनी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, हे मात्र मी त्यांच्या बाजूने झाकणार नाही.

आता व्हिडिओकडे येऊ. बातमी खोटी नाही. ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन ह्युगनार्ड यांच्या प्रयोगशाळेने तो अभ्यास प्रसिद्ध केला. सीएनटीएनएपी2 नावाचं जनुक काढून टाकलेले उंदीर त्यांनी घेतले. त्या उंदरांच्या मेंदूतल्या थॅलॅमसभोवतीचा पेशींचा एक पातळ थर वाजवीपेक्षा जास्त चेकाळलेला असतो, असं त्यांना दिसलं. मुळात आकडीवर अभ्यासलं जाणारं झेड944 हे औषध दिल्यावर तो थर शांत झाला आणि उंदरांचं वागणंही बदललं. काम चांगलं आहे, मला आवडलं. पण 'उंदरांमधला ऑटिझम' हा शब्दप्रयोग बातमीदारांचा. उंदराला ऑटिझम होतच नाही.

ऑटिझमचं निदान आपण रक्तावरून किंवा स्कॅनवरून करत नाही. मूल कसं बोलतं, कुणाकडे बघतं, बोट दाखवतं का, कसं खेळतं, यावरून करतो. उंदराच्या बाबतीत यातलं काही विचारता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत एक पेटी वापरतात. जॅकलिन क्रॉली या अमेरिकी संशोधिकेने ती पद्धत रूढ केली. पारदर्शक पेटी, आत तीन कप्पे, मधल्या भिंतींना ये-जा करायला छोटी दारं. उंदराला मधल्या कप्प्यात सोडतात. एका बाजूच्या कप्प्यात तारेच्या उपड्या जाळीखाली एक अनोळखी उंदीर ठेवलेला असतो, दुसऱ्या बाजूला तशीच जाळी, पण रिकामी. वर कॅमेरा लावून दहा मिनिटं मोजतात. साधा उंदीर अनोळखी पाहुण्याच्या जाळीशी नाक घालून जास्त वेळ घालवतो. जनुक बदललेला उंदीर दोन्हीकडे सारखाच वेळ घालवू लागला, तर शोधनिबंधात लिहितात, 'सामाजिक वर्तनात कमतरता'. तसंच पिंजऱ्यातल्या भुशावर काचेच्या गोट्या मांडतात आणि अर्ध्या तासात उंदराने किती पुरल्या ते मोजतात. स्वतःचं अंग किती सेकंद चाटत बसला तेही मोजतात. ही झाली 'तेच तेच करत राहण्याची' खूण.

औषध दिल्यावर उंदीर पाहुण्याच्या जाळीशी जास्त वेळ रेंगाळला, अंग कमी चाटलं, की बातमी तयार होते. या मोजमापाला मी हसत नाही. औषधाने मेंदूतल्या एखाद्या जोडणीवर काही परिणाम झाला, एवढं त्यातून नक्की कळतं. पण तुमचा लेक पाणी हवं असलं की शब्दाऐवजी तुमचा हात धरून माठाकडे नेत असेल, तर त्या गोष्टीला उंदराच्या पेटीत जागाच नाही.

याच सीएनटीएनएपी2 उंदरांची आणखी एक गोष्ट सांगते, ती कुठल्या व्हिडिओत येत नाही. 2011 मध्ये दुसऱ्या एका गटाने त्यांना रिस्पेरिडोन हे मानसोपचारातलं औषध दिलं होतं. उंदरांची धावपळ आणि अंग चाटणं कमी झालं, पण पाहुण्या उंदराशी वागणं सुधारलं नाही. मुलांमध्येही नेमकं असंच दिसतं. अमेरिकेत 2006 पासून रिस्पेरिडोन ऑटिझम असलेल्या 5 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी मंजूर आहे, ते चिडचिड, आदळआपट, स्वतःला मारून घेणं यासाठी. 2009 मध्ये त्यात अॅरिपिप्राझोलची भर पडली. दोन्ही औषधं संवाद सुधारण्यासाठी मंजूर नाहीत, आणि दोन्हींमुळे वजन वाढू शकतं. म्हणजे त्या वेळी उंदराने बरोबर उत्तर दिलं होतं.

आता तुमच्या गोळीची उंदीरकथा. फ्रान्समधल्या मार्सेयचे शास्त्रज्ञ येहेझ्केल बेन-अरी यांचा तर्क असा: गर्भातल्या मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना चेतवतं, आणि जन्माच्या सुमारास ते उलटून शांत करू लागतं. काही प्राण्यांमध्ये हा पालट होत नाही, कारण पेशींत क्लोराइड जास्त राहतं. ब्युमेटॅनाइड ते क्लोराइड कमी करतं. 2014 मध्ये त्यांनी दाखवलं की पिल्लं होण्याच्या आदल्या दिवशी गाभण उंदरिणीला हे औषध दिलं तर पिल्लांच्या मेंदूतला बिघाड आणि पुढचं वागणं सुधारतं. ती वेळ बघा, ताई. औषध पोचलं ते जन्माच्या उंबरठ्यावरच्या पिल्लाला, आणि तुमच्या हातात पट्टी आहे ती साडेचार वर्षांच्या मुलासाठी.

त्याआधीच, 2012 मध्ये, फ्रान्समध्ये 60 मुलांवर छोटी चाचणी झाली होती आणि तिच्यात फायदा दिसला होता. ग्रुपवरच्या ताईंनी ऐकलंय ते हेच असावं. त्यानंतर सर्व्हिए कंपनीने मोठ्या चाचण्या घेतल्या, वेगवेगळ्या देशांतल्या चारशेहून जास्त मुलांवर. 2021 मध्ये त्या थांबवाव्या लागल्या, कारण खरी गोळी घेतलेल्या आणि खोटी गोळी घेतलेल्या मुलांत फरक दिसला नाही. छोट्या चाचणीत दिसलं आणि मोठ्या चाचणीत गेलं, असं का? एक शक्यता अगदी साधी आहे. ही लघवीची गोळी आहे. मूल वारंवार बाथरूमला जाऊ लागलं की आईला कळतं, आपल्याला खरी गोळी मिळाली. आणि मूल सुधारलं का, हे विचारायचं बहुतेक वेळा आईलाच असतं.

खोट्या गोळीचं म्हणजे प्लासिबोचं प्रकरण ऑटिझममध्ये फार जबर आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. 1998 च्या सुमारास अमेरिकेत सिक्रेटिन नावाच्या पचनसंस्थेतल्या संप्रेरकाचा असाच बोलबाला झाला. पोटाच्या तपासणीसाठी ते टोचलेली काही मुलं म्हणे बोलायला, नजर द्यायला लागली. हजारो पालक त्यामागे धावले. 1999 मध्ये रीतसर चाचणी झाली, 60 मुलांवर. सिक्रेटिन मिळालेल्यांपैकी सुमारे 30 टक्के मुलं सुधारलेली दिसली, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकीही तेवढीच. हा निकाल सांगितल्यावरही दहांतल्या जवळजवळ सात पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होताच. मी त्यांना वेडं म्हणत नाही. मूल वाढत असतं, आपण जास्त लक्ष देऊ लागतो, चांगला दिवस लक्षात राहतो. ग्रुपवर कुणी 'आमच्याकडे फरक पडला' म्हणालं तर ती बाई खोटं बोलत नसते. तिच्या सांगण्यावरून औषधाबद्दल काही ठरवता येत नाही, इतकंच.

ऑक्सिटोसिनचं तेच झालं. प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांत जोडीदाराशी बंध जुळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्यावरून नाकात मारायचा स्प्रे 290 मुलांवर तपासला गेला. 2021 मध्ये निकाल आला: प्लासिबोपेक्षा फरक नाही.

पण सगळ्यात मोठी आपटी फ्रॅजाइल एक्सची. तीही सांगायला हवी, कारण तिथे उंदराचं काम कुठेच कच्चं नव्हतं. एक्स गुणसूत्रावरचं एफएमआर1 जनुक बंद पडल्याने हा आजार होतो, आणि अशा बऱ्याच मुलांना ऑटिझमही असतो. म्हणजे कारण एकच आणि पक्कं ठाऊक. 1994 मध्ये ते जनुक नसलेला उंदीर तयार झाला. 2004 मध्ये एमआयटीचे मार्क बेअर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हे जनुक मेंदूत ब्रेकचं काम करतं. ब्रेक गेला की एमजीएलयूआर5 नावाच्या ग्राहकाच्या (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा रासायनिक निरोप झेलणारा रेणू) इशाऱ्यावर पेशी प्रथिनं बनवतच सुटतात. 2007 मध्ये त्यांनी उंदरांमध्ये तो ग्राहक निम्म्यावर आणला आणि आकडी, पेशींची रचना, शिकण्याच्या अडचणी, एकामागून एक गोष्टी सुधारल्या. फळमाशीतही तसंच दिसलं. इतकं जुळलेलं शास्त्र मेंदूच्या आजारात क्वचित बघायला मिळतं. नोव्हार्टिस, रोश, आणि बेअर यांनीच काढलेली सीसाइड ही कंपनी, तिघांनीही माणसांवर औषधं तपासली. 2013-14 मध्ये तिघांच्याही चाचण्या ठरवलेल्या कसोटीवर फसल्या. सीसाइडने आपलं औषध अरबॅक्लोफेन थांबवलं तेव्हा काही कुटुंबं हादरली, कारण आपलं मूल त्यावर खरंच सुधारलं होतं असं त्यांचं म्हणणं होतं. कदाचित काही मुलं सुधारलीही असतील. सरासरीत ते दिसलं नाही.

मग शास्त्रज्ञ म्हणाले, आपण मोठ्या मुलांवर आणि प्रौढांवर तपासलं, मेंदू लवचिक असतो तेव्हा द्यायला हवं होतं. पटण्यासारखी शंका होती. म्हणून नोव्हार्टिसचंच औषध शाळेच्या वयाआधीच्या मुलांना देऊन बघितलं, आणि सोबत सगळ्यांच्या पालकांना घरी भाषा शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं. 2024 मध्ये निकाल आला. औषधाने प्लासिबोपेक्षा जास्त काही केलं नाही. पण भाषेत प्रगती दोन्ही गटांनी केली.

हे वाक्य मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा. औषधावर सगळ्यात जास्त विश्वास असलेल्या लोकांनीसुद्धा मुलांचं शिकणं औषधाच्या भरवशावर थांबवलं नव्हतं. उद्या खरंच एखादं औषध आलं, तरी ते शब्द आणून तोंडात ठेवणार नाही. फार तर शिकणं सोपं करील. शिकवावं लागेलच.

तुम्ही म्हणाल, मग उंदीर मारायचेच कशाला? रेट सिंड्रोमचं बघा. मुख्यतः मुलींना होणारा हा आजार, पूर्वी ऑटिझमच्याच छत्राखाली धरायचे. त्याचं एमईसीपी2 जनुक 1999 मध्ये हुडा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. 2007 मध्ये एडिंबराच्या एड्रियन बर्ड यांनी आजारी, मोठ्या झालेल्या उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं आणि मरणाच्या दारातले उंदीर सावरले. मोठ्या वयातही काही परत मिळू शकतं, हे त्या एका प्रयोगाने कळलं, आणि माझ्या मते या क्षेत्रातला तो सर्वांत महत्त्वाचा प्रयोग. मार्च 2023 मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड हे रेटसाठीचं पहिलं औषध मंजूर झालं. त्याच्या मागचा विचारही आधी अशाच उंदरांवर तपासला गेला होता. फायदा माफक आहे, चाचणीत दहांतल्या आठ जणींना जुलाब झाले, आणि अमेरिकेत वर्षाचा खर्च लाखो डॉलर. तरी औषध आहे. एक जनुक, एक आजार, तिथे उंदीर उपयोगी पडतो. ऑटिझम नावाखाली आपण शेकडो कारणं एकत्र बांधली आहेत. त्यातल्या एका कारणाचा उंदीर सुधारला म्हणजे गाठोड्यातली सगळी मुलं सुधारतील, असं होत नाही.

म्हणून तुमच्यासाठी पहिलं काम: तुमच्या मुलाचं कारण सापडतंय का ते बघा. डॉक्टरांना फ्रॅजाइल एक्सची तपासणी आणि क्रोमोसोमल मायक्रोअॅरे (गुणसूत्रांची बारीक तपासणी) याबद्दल विचारा. पाळणा पुन्हा हलणार असेल तर फ्रॅजाइल एक्सचं कळणं तुमच्यासाठीही महत्त्वाचं आहे, ते आईकडून येऊ शकतं. अंगावर पानाच्या आकाराचे पांढरट चट्टे आहेत का? कधी क्षणभर टक लावून थिजतो, झटके येतात? आधी येत असलेले शब्द गेले का? असं काही असेल तर लगेच सांगा. चट्टे आणि आकडी मिळून ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतरत्र गाठी होणारा जनुकीय आजार) असू शकतो, आणि त्याच्या आकडीवर, गाठींवर एव्हरोलिमस हे औषध खरोखर आहे. (त्याच औषधाने ऑटिझम आणि बुद्धी सुधारते का हेही तपासलं गेलं. उंदरांत याच जातीच्या औषधाचे निकाल उत्तम होते, मुलांत नाही.) बहुतेक मुलांत तपासणीतून नेमकं कारण सापडत नाही, तेव्हा कर्ज काढून चाचण्या करू नका.

दुसरं, पैशांचं. थेरपी म्हणजे शहरातली आठवड्याची दोन सत्रं, असं धरू नका. 2016 मध्ये गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या एका अभ्यासाचा निकाल आला. दोन ते नऊ वर्षांची 65 मुलं. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते साधारण पंधरवड्याने जायचे, आई मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि तिच्याबरोबर बसून बघायचे: इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही घाईने बोललात, इथे थांबलात तर त्याने आवाज काढला. आठ महिन्यांनी आईचं प्रतिसाद देणं बदललं आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र उलट कमी झाला, तेही लिहिलेलं आहे. तुमच्या स्पीच थेरपिस्टना सांगा की महिन्यातल्या काही फेऱ्या कमी करून त्याऐवजी घरचे व्हिडिओ बघून मला शिकवाल का? चांगला थेरपिस्ट याला नाही म्हणणार नाही. आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना काढली नसेल तर काढा, वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही बसते. त्याआधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल.

औषधाची वाट बघायचीच असेल तर ती चाचणीत भाग घेऊन बघता येते. भारतात अशी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा, नैतिकता समितीची मंजुरी विचारा, संमतीपत्र मराठीत मागा. चाचणीमुळे मुलाला इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे 2019 च्या नियमांत आहे. आणि तुमच्याकडून लाखभर रुपये घेऊन 'संशोधन' करतो म्हणणारा माणूस संशोधन करत नसतो. स्टेम सेलवाले तुम्हाला गाठतीलच, म्हणून आताच सांगते: डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे.

भाऊजींवर चिडू नका. पुतण्यासाठी काहीतरी शोधत बसतात, ते चांगलंच आहे. त्यांना हेच काम द्या. पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी त्यांनी तीन गोष्टी लिहून पाठवायच्या: प्राणी कोणता, त्याचं कोणतं जनुक बिघडवलं होतं, आणि माणसांवर चाचणी झाली असेल तर प्लासिबोपेक्षा फरक पडला का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर मला जरूर कळवा, मी डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी देईन. पट्टी मात्र आजच त्या मेडिकलवाल्याला परत द्या, आणि चिठ्ठीशिवाय दिलीच कशी, हेही विचारा.